प्रकट मुलाखत रंगते कशी?

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली की आपल्याकडे मांडव पडू लागतात. साहित्य संमेलने, व्याख्यानमाला, संगीत महोत्सव, शाळांचे शतकमहोत्सव, देवस्थानांचे उत्सव अशी रीघच लागते. यांतील बहुतेक कार्यक्रमपत्रिकांवर एक ओळ हमखास छापलेली असते, ती म्हणजे 'प्रकट मुलाखत'. पाहुणे नामवंत असतात आणि मुलाखतकार परिचयाचे. सभागृहही सुरुवातीला बऱ्यापैकी भरलेले असते. तरीही अर्ध्या तासात मागच्या रांगांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागतात आणि संयोजकांपैकी कोणीतरी चहा तयार आहे का, हे पाहायला उठतो. सगळे यथासांग असूनही काहीतरी चुकलेले असते.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मनातून जात नाही. फोंड्याकडच्या एका गावी एका वयोवृद्ध नटांची मुलाखत ठेवली होती. उत्सवी नाटकांत त्यांनी अनेक वर्षे स्त्रीभूमिका केल्या होत्या. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द (जे दोन कधीच नसतात) आणि पाहुण्यांचा परिचय एवढ्यात पाऊण तास गेला. परिचयात त्यांच्या आयुष्यातील ठळक गोष्टी इतक्या तपशिलाने सांगून झाल्या की मुलाखतीसाठी काही शिल्लकच उरले नाही. पहिला प्रश्न आला, "आपला नाट्यप्रवास कसा सुरू झाला?" आजोबांनी आजवर दहा ठिकाणी दिलेले उत्तर अकराव्यांदा दिले. आवाज थकलेला होता आणि नजर समोरच्या फुलदाणीवर खिळली होती.

कार्यक्रम संपल्यावर मात्र निराळेच घडले. एका स्वयंसेवक मुलाने आपल्या घरच्या ट्रंकेत सापडलेली जुन्या नाटकाची हस्तपत्रिका त्यांना दाखवायला आणली होती. कागद हातात घेताच आजोबा ताठ बसले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात चेहऱ्याला लावलेला रंग कसा निराळाच दिसे, प्रॉम्प्टरला डुलकी लागल्यावर दोन पाने कशी गळाली, नेसलेली साडी शेजारच्या कोणत्या घरून मागून आणली आहे हे पहिल्या रांगेतल्या बायकांनी कसे ओळखले आणि करुण प्रवेशात त्या कशा फिदीफिदी हसल्या, हे सारे ते विंगेत उभ्या असलेल्या आम्हा सात-आठ जणांना तासभर सांगत राहिले. बाहेर मांडववाले खुर्च्या उचलत होते. ध्वनिमुद्रण बंद झालेले होते. आजोबा पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या नावे आज जे मुद्रण उपलब्ध आहे, त्यात ती थकलेली पाऊण तासाची मुलाखत तेवढी आहे.

मुलाखतीचा विचार केवळ मनोरंजनाच्या अंगाने करून चालत नाही, तो यासाठी. आपल्यासारख्या लहान प्रदेशात कितीतरी कलावंत, शिक्षक, भजनी बुवा, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते यांच्या वाट्याला अशी एखादीच संध्याकाळ येते. ती वाया गेली तर दुसरी मिळेलच असे नाही.

'आपला प्रवास कसा सुरू झाला' हा प्रश्न वाईट नाही, पण तो अतिशय सुरक्षित आहे. असा व्यापक प्रश्न आला की माणूस आठवत नाही. पाठ झालेले म्हणून दाखवतो. आठवण सनावळीने साठवलेली नसते. ती एखाद्या वस्तूला, वासाला, सुराला किंवा जागेला चिकटून असते. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांनी १९५० च्या दशकात, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील वस्त्यांचा अभ्यास चालू असताना, नुसत्या प्रश्नांनी घेतलेल्या आणि छायाचित्रे समोर ठेवून घेतलेल्या मुलाखतींची तुलना केली होती. छायाचित्रे समोर असली की माणसे अधिक नेमके बोलतात, विषय सोडून भरकटत नाहीत आणि लवकर थकतही नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. १९५७ मध्ये त्यांनी ते मांडले आणि पुढे समाजशास्त्रात ती एक मान्य पद्धतीच झाली. विंगेतल्या त्या हस्तपत्रिकेने हेच काम केले होते. तिला जागा मात्र व्यासपीठावर मिळायला हवी होती.

तेव्हा पहिली आणि सर्वांत सोपी रीत म्हणजे वस्तूंची मुलाखत. पाहुण्यांच्या घरच्या मंडळींना आधी गाठावे आणि पाच-सहा वस्तू मागून घ्याव्यात. जुना फोटो, पत्र, तबल्याची हातोडी, शाळेचे हजेरीपत्रक, पहिल्या पुस्तकाची खाडाखोड केलेली मुद्रिते, काहीही चालेल. या वस्तू एका पेटीत ठेवाव्यात आणि एकेक बाहेर काढावी. पडद्यावर तिचे मोठे चित्र दिसावे, म्हणजे मागच्या रांगेलाही सहभागी होता येते. मुलाखतकाराचा प्रश्न मग चार शब्दांचा झाला तरी पुरतो. "हे कोणी दिलं होतं?" बस्स. मात्र घरच्यांच्या संमतीवाचून एखादी दुखरी वस्तू अचानक पुढे करणे हा अघोरीपणा होय. श्रोत्यांसमोर माणसाला रडवणे म्हणजे मुलाखत रंगवणे नव्हे.

गायक-वादकांसाठी याच रीतीचे दुसरे रूप अधिक शोभते. बीबीसी नभोवाणीवर १९४२ च्या जानेवारीत रॉय प्लोम्ली यांनी 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी होती. तुम्ही एका निर्जन बेटावर एकटेच अडकणार आहात, तर बरोबर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका न्याल? आठ मुद्रिका, एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, कार्यक्रम अजून चालू आहे. त्याच्या यशाचे मर्म असे की पाहुण्याला स्वतःविषयी थेट काही विचारलेच जात नाही. तो गाण्याविषयी बोलू लागतो आणि बोलता बोलता आई, पहिले प्रेम, परगावचे एकटेपण हे सारे आपोआप येते. आत्मस्तुतीची भीड असणाऱ्या माणसांना हा आडोसा फार उपकारक ठरतो, आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीत अशी भीड असलेलीच माणसे अधिक.

ही चौकट आपल्या मातीत किती सहज रुजेल! केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी यांची मुद्रणे उपलब्ध आहेत. केसरबाईंचा स्वर तर १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात गेला. एखाद्या आजच्या ज्येष्ठ गायिकेला सभागृहात बसवून यांतील मुद्रिकांचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकवावेत आणि 'इथे काय झालं, सांगा' एवढेच म्हणावे. ती जे बोलेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मुद्रण चालू असताना तिचा चेहरा पाहणे हीदेखील श्रोत्यांसाठी एक मुलाखतच. म्हणून त्या वेळी दिवे मंद करू नयेत. हौशी संयोजकांना तो मोह नेमका होतो.

कुर्डीचे नाव निघालेच आहे. साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेलेले हे गाव दर उन्हाळ्यात, पाणी ओसरले की, मे महिन्याच्या सुमारास पुन्हा उघडे पडते आणि विस्थापित झालेली कुटुंबे सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे एकत्र येतात. अशा गावच्या वडीलधाऱ्या माणसाला 'विस्थापनाच्या वेदना कशा होत्या' असे विचारणे म्हणजे त्याच्या तोंडी वर्तमानपत्री भाषा घालणे आहे. त्यापेक्षा व्यासपीठावर एक मोठा फळा ठेवावा, एखाद्या चित्रकलेच्या शिक्षकाला हाती खडू देऊन उभे करावे आणि आजोबांना म्हणावे, "देवळाकडून तुमच्या घरी जायची वाट सांगा." ते सांगत जातील तशी रेघ पुढे सरकेल. व्हाळ कुठे, माड किती, वाटेत कोणाचे दुकान. श्रोत्यांत गावची आणखी दोन म्हातारी माणसे असली तर ती जागेवरूनच दुरुस्त्या सुचवू लागतील, वाद घालतील, आणि तो वाद हाच कार्यक्रमाचा प्राण ठरेल. तासाभराने फळ्यावर पाण्याखालच्या गावाचा नकाशा तयार झालेला असेल.

मुलाखतकार बदलल्यानेही बरेच साधते. आपण नेहमी नाणावलेल्या निवेदकाला शोधतो. ते गैर नाही. सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी मराठीत प्रकट मुलाखत लोकप्रिय केली ती आपल्या हजरजबाबी प्रश्नांच्या आणि माणसे वाचण्याच्या बळावर. पण प्रत्येक गावात गाडगीळ कोठून आणणार? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात २००३ मध्ये 'स्टोरीकॉर्प्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथे एका छोट्या खोलीत एकमेकांना ओळखणारी दोन माणसे समोरासमोर बसतात. नातू आजीला, शिष्य गुरूला, शेजारी शेजाऱ्याला प्रश्न विचारतो. चाळीस मिनिटांत ते संभाषण मुद्रित होते. व्यावसायिक मुलाखतकार तेथे कोणीच नसतो. नात्यातल्या माणसाला जे विचारता येते ते परक्याला येत नाही, हे त्यामागचे साधे सत्य. आपल्याकडे एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेची मुलाखत तिच्याच तीन विद्यार्थ्यांनी घेतली, एक पन्नाशीचा, एक तिशीचा आणि एक शेवटच्या तुकडीतला, तर शाळेचा इतिहास तीन पिढ्यांच्या तोंडून आपसूक उलगडेल. त्यांतला पन्नाशीचा अजूनही बाईंना घाबरतो, हे लोकांना दिसले तर फारच उत्तम.

दोन पाहुण्यांना एकत्र बसवण्याची रीत याहून अवघड, पण साधली तर अविस्मरणीय. कॅलिफोर्नियात वॉल्ट मॉसबर्ग आणि कॅरा स्विशर हे दोन पत्रकार तंत्रज्ञान-उद्योगाची एक परिषद भरवीत. तेथे तयार भाषणे आणि सरकचित्रे यांना मज्जाव असे. व्यासपीठावर लाल खुर्च्या आणि प्रश्न, एवढेच. २००७ च्या मे महिन्यात त्यांनी बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स यांना एकाच व्यासपीठावर आणले. तीस वर्षांचे सहकारी आणि तितक्याच वर्षांचे प्रतिस्पर्धी! एकमेकांकडून काय शिकलात, अशा धाटणीच्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे एकेकट्याच्या मुलाखतीत मिळालीच नसती, कारण शेजारी बसलेला माणूस साक्षीदार होता. अतिशयोक्तीला तेथे वाव नव्हता. त्याच परिषदेत २०१० साली मार्क झुकेरबर्ग गोपनीयतेवरील प्रश्नांना उत्तरे देताना घामाघूम झाले आणि त्यांना अंगावरचा जाड सदरा उतरवून ठेवावा लागला. लिखित भाषणात घाम येत नाही.

याच झुकेरबर्ग यांची २००८ ची एक मुलाखत उलट्या कारणासाठी लक्षात राहिली आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे 'साउथ बाय साउथवेस्ट' महोत्सवात ती झाली. मुलाखतकार जाणत्या पत्रकार होत्या, विषयाचा त्यांचा अभ्यास होता. परंतु श्रोते होते ते प्रामुख्याने संगणक-व्यावसायिक. त्यांना हवे होते त्या तांत्रिक प्रश्नांऐवजी किस्से आणि खासगी गप्पा चालल्या आहेत, असे त्यांना वाटू लागले. सभागृहात बसल्या बसल्या लोक ट्विटरवर एकमेकांना आपली नाराजी कळवू लागले. व्यासपीठावर मात्र त्याचा पत्ताच नव्हता. पाहता पाहता ती नाराजी उघड आरडाओरड्यात फुटली आणि अखेर प्रश्न विचारण्याचे काम श्रोत्यांकडे गेले. समोर कोण बसले आहे हे न ओळखणे, हा त्या दिवशीचा खरा दोष. किस्से वाईट नसतात. ते कोणाला सांगायचे हे कळले पाहिजे.

श्रोत्यांना सामील करून घेण्याच्या रीती पुष्कळ आहेत आणि बहुतेक धोक्याच्या आहेत. 'आता श्रोत्यांचे प्रश्न' असे म्हणून ध्वनिक्षेपक फिरवला की तो कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. प्रत्येक गावात एक गृहस्थ असा असतोच, जो "प्रश्न असा आहे की" म्हणून उठतो आणि सात मिनिटे स्वतःचे चिंतन ऐकवतो. त्याला थांबवणे पाप वाटते, न थांबवणे महापाप. यावर जुनाच उपाय बरा, तो चिठ्ठ्यांचा. मध्यंतरापूर्वी कागदाचे तुकडे वाटावेत, प्रश्न लिहून घ्यावेत आणि विंगेत बसलेल्या तिसऱ्या जाणत्या माणसाने ते निवडून, जुळवून मुलाखतकाराकडे पोचवावेत. अलीकडे हेच काम भ्रमणध्वनीवरून होते. 'स्लायडो'सारख्या सुविधांत लोक प्रश्न टाकतात आणि इतरांच्या प्रश्नांना मते देतात. मात्र सर्वाधिक मते बहुधा सर्वांत गमतीदार प्रश्नाला पडतात, सर्वांत चांगल्या प्रश्नाला नव्हे. निवड माणसाच्याच हाती ठेवावी.

धाडस असेल तर रिकाम्या खुर्चीचा प्रयोग करून पाहावा. व्यासपीठावर तीन खुर्च्या. दोन भरलेल्या, तिसरी मोकळी. श्रोत्यांपैकी ज्याला संभाषणात उतरायचे असेल त्याने येऊन तिसरीवर बसावे, आपले बोलणे झाले की उठून जावे, दुसरा येईल. खुर्चीपर्यंत चालत जावे लागते, या एकाच अटीने निम्मी भाषणबाजी गळून पडते. पन्नास-साठ जणांच्या बैठकीत हे छान जमते. पाचशेंच्या सभागृहात जमत नाही. लोक जिना चढेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

खरे तर प्रश्नोत्तरांतून रंग भरण्याची कला आपल्याला नवी नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात सवाल-जवाब रात्र रात्र चालत. एका पक्षाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते तितक्याच डौलाने सोडवून उलट सवाल टाकायचा. त्यातील 'उलट सवाल' ही गोष्ट आपल्या मुलाखतींतून पार हरवली आहे. शेवटची दहा मिनिटे पाहुण्यांनी प्रश्न विचारावेत, मुलाखतकाराला, संयोजकांना, समोरच्या विद्यार्थ्यांना. "तुमच्यापैकी गेल्या महिन्यात पुस्तक विकत कोणी घेतलं?" एखाद्या लेखकाने असे विचारले की सभागृह कसे चुळबुळते, ते पाहण्यासारखे असते.

ठरावीक प्रश्नावलीचेही एक सामर्थ्य आहे. फ्रेंच दूरचित्रवाणीवरील पुस्तकप्रेमी निवेदक बेर्नार पिव्हो हे आपल्या कार्यक्रमाच्या अखेरीस प्रत्येक पाहुण्याला तेच ते छोटे प्रश्न विचारीत. तुमचा आवडता शब्द कोणता, नावडता कोणता, आवडता आवाज कोणता. मूळ कल्पना त्याहून जुनी. तरुणपणी मार्सेल प्रूस्त यांनी अशाच एका प्रश्नावलीला दिलेली उत्तरे प्रसिद्ध आहेत. पुढे अमेरिकेत जेम्स लिप्टन यांनी १९९४ पासून 'इनसाइड द ॲक्टर्स स्टुडिओ'मध्ये पिव्होंचे नाव घेऊन तीच प्रथा चालवली. प्रश्न तेच असल्याने लक्ष उत्तरांतील फरकाकडे जाते. एखाद्या व्याख्यानमालेने दरवर्षी प्रत्येक पाहुण्याला तेच पाच प्रश्न विचारण्याचा नेम धरला, तर वीस वर्षांनी त्या उत्तरांचे केवढे मौल्यवान पुस्तक होईल! येथे लिप्टन यांच्याबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. त्यांच्या पुढ्यात निळ्या कार्डांचा गठ्ठा असे. पाहुण्याची प्रत्येक भूमिका, प्रत्येक वळण त्या कार्डांवर टिपलेले असे. चौकट कितीही कल्पक असो, तिच्या मागे हा गठ्ठा नसेल तर ती पोकळ.

आजची मुले जालावर जो 'हॉट वन्स' नावाचा कार्यक्रम पाहतात, त्यातही तेच. २०१५ पासून शॉन इव्हान्स हा सूत्रधार पाहुण्यांबरोबर अधिकाधिक तिखट होत जाणारे कोंबडीचे दहा तुकडे खातो आणि प्रश्न विचारतो. वरवर पोरखेळ. पण तिखटाने डोळ्यांत पाणी आले की पढवलेली उत्तरे विसरली जातात, आणि त्याच क्षणी येणारा प्रश्न असा शोधून काढलेला असतो की पाहुणा चकित होऊन विचारतो, हे तुला कोठून कळले? तिखटाची नक्कल सोपी आहे, अभ्यासाची अवघड. म्हणून आपल्या संमेलनात कोणी ज्येष्ठ कवीपुढे मिरच्यांची बशी ठेवण्याचा बेत करीत असेल, तर त्याने आधी त्या कवीचे सर्व संग्रह वाचावेत. मग कदाचित बशीची गरजच उरणार नाही.

आता काही किरकोळ वाटणाऱ्या, पण कार्यक्रम बुडवू शकणाऱ्या गोष्टी. मऊ, खोल सोफे टाळावेत. त्यांत वयस्कर माणूस रुततो, त्याचा श्वास आखडतो आणि उठताना दोघांना धावावे लागते. हातांच्या खुर्च्या बऱ्या, त्याही समोरासमोर किंवा एका ओळीत न ठेवता किंचित तिरप्या. मध्ये फुलांचा ताटवा नको. ध्वनिक्षेपक सदऱ्याला लावायचा असावा, म्हणजे हात मोकळे राहतात. हातात वस्तू द्यायची असेल तर हे आवश्यकच. सत्कार शेवटी ठेवावा आणि परिचय तीन मिनिटांत संपवावा. पाहुण्यांना चौकट आधी समजावून सांगावी, प्रश्न सांगू नयेत. सव्वा तासाच्या पुढे जाऊ नये.

आणि भाषेचे काय? आपल्या सभागृहात मराठी, कोंकणी दोन्ही समजणारी माणसे बसलेली असतात. प्रश्न मराठीत विचारला आणि पाहुणा बोलता बोलता कोंकणीत गेला, तर त्याला मागे ओढू नये. माणूस घरच्या बोलीत शिरला याचा अर्थ आठवण जागी झाली. भाषेचे वाद घालायला इतर व्यासपीठे पुष्कळ आहेत.

उरला प्रश्न मुद्रणाचा. स्टोरीकॉर्प्समध्ये संभाषणाची एक प्रत बोलणाऱ्यांना दिली जाते आणि त्यांची संमती असल्यास दुसरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील लोकसंस्कृती विभागात जाते. आपल्याकडे चित्रीकरण होते ते बहुधा मांडववाल्याच्या ओळखीच्या छायाचित्रकाराकडून, आणि ते त्याच्याच संगणकात पडून राहते. दोन वर्षांनी संगणक बदलला की संपले. संयोजकांनी पाहुण्यांची लेखी अनुमती घ्यावी, तारीख, स्थळ आणि बोलणाऱ्यांची नावे नोंदवावीत, एक प्रत पाहुण्यांच्या घरी पोचवावी आणि दुसरी गावच्या वाचनालयात ठेवावी. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाला मात्र एक सूचना आवर्जून द्यावी. आभारप्रदर्शन झाले, पडदा पडला, तरी पाहुणे गाडीत बसेपर्यंत यंत्र बंद करू नकोस. आणि विंगेतही ते चालू राहणार आहे, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेव.